उत्तर: वर्धापन अंकाच्या बदल्यात इंद्रजालचा गठ्ठा द्यावा का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दारव्ह्याकडच्या तुमच्या गावी मोठेबाबांच्या पेटीत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा निघाला, सोबत थोड्या अमर चित्रकथा. एक संग्राहक त्या अख्ख्या गठ्ठ्याच्या बदल्यात दोन अमेरिकन अंक द्यायला तयार आहे: १९८६ चा 'स्पायडरमॅनच्या २५ वर्षांचा' चौकटवाला अंक, आणि डिटेक्टिव्ह कॉमिक्सचा हजारावा. घ्यावे का?

नका घेऊ. काऊन ते सविस्तर सांगतो, कारण महोत्सवी अंक म्हटला की आपला मराठी माणूस विरघळतोच. रौप्यमहोत्सवी दिवाळी अंक, शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, असलं काही रद्दीत टाकताना आपला हात थरथरतो.

आधी त्या चौकटवाल्या अंकाचं. ती २५ वर्षं स्पायडरमॅनची नाहीतच. स्पायडरमॅन आला ऑगस्ट १९६२ च्या अमेझिंग फँटसी क्र. १५ मध्ये. १९८६ साली २५ वर्षं झाली ती फँटास्टिक फोरच्या पहिल्या अंकाला, म्हणजे स्पायडरमॅन काढणाऱ्या मार्व्हल या कंपनीच्या नव्या पर्वाला. त्या निमित्ताने नोव्हेंबर १९८६ तारखेच्या मार्व्हलच्या बहुतेक मासिकांवर एकच थाट होता: मधोमध नायकाचा चेहरा आणि भोवती कंपनीच्या पात्रांची चौकट. अमेझिंग स्पायडरमॅनचा त्या महिन्याचा अंक २८२. मुखपृष्ठ म्हणून मला तो आवडतो, भिंतीवर लावण्याजोगा आहे. पण तो लाखांत छापला गेला आणि तोवर तिकडचे लोक अंक पिशवीत घालून ठेवायला शिकले होते. त्यामुळे आजही तो साध्या जुन्या अंकाच्या भावात मिळतो. तुम्हाला सांगितलेली किंमत भारतात तो क्वचित दिसतो म्हणून आहे, अंक दुर्मिळ आहे म्हणून नव्हे.

पुढे तर या प्रकाराची जत्राच झाली. १९९१ चा एक्स-मेन क्र. १ पाच मुखपृष्ठांत काढला आणि ८० लाखांच्या वर प्रती छापल्या. १९९२ मध्ये स्पायडरमॅनची खरोखरची ३० वर्षं झाली, तेव्हा त्याच्या चार वेगवेगळ्या मासिकांवर चमचमते होलोग्राम चिकटवले. पोरांच्या कॉलेजची फी यातूनच निघेल म्हणून लोकांनी खोकी भरभरून अंक घेतले. मग बाजार असा बसला की १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हलला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. ती खोकी अजून संपलेली नाहीत बाप्पा. 'संग्राह्य अंक' असं ज्याच्यावर छापून येतं तो सगळेच जपतात, आणि सगळ्यांनी जपलेल्या वस्तूला भाव येईल कुठून? सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला त्या ॲक्शन कॉमिक्सच्या १९३८ च्या पहिल्या अंकावर असलं काही लिहिलेलं नव्हतं. दहा सेंटचा अंक, पोरांनी वाचून फाडला, महायुद्धात रद्दी गोळा करणाऱ्यांना दिला. जे वाचले त्यातला एक २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेला.

हजारावा डिटेक्टिव्ह २०१९ च्या मार्चमधला, बॅटमॅनला ८० वर्षं झाली तेव्हाचा. जाडजूड, वाचायला मजेदार, आणि मुखपृष्ठं इतकी की काही दुकानांनी स्वतःचं वेगळं काढून घेतलं. वाचायला हवा तर विकत घ्या, महाग नाही. पण बॅटमॅनचा खरा मैलाचा दगड या मासिकाच्या सत्ताविसाव्या अंकात आहे, मे १९३९ च्या, तिथे तो पहिल्यांदा आला. हजार हा निव्वळ आकडा. आणि आकड्यांचं तर विचारूच नका. ॲक्शनने २०११ मध्ये पुन्हा एकपासून सुरुवात केली आणि २०१६ मध्ये जुनी मोजणी धरून, उडी मारून ९५७ वर आले, म्हणून २०१८ ला हजारी गाठता आली. अमेझिंग स्पायडरमॅनचा ९०० वा म्हणून २०२२ मध्ये साजरा झालेला अंक त्या वेळच्या नव्या मालिकेत क्रमांक ६ आहे. पुढेमागे कोणी विकायला आला तर आधी विचारा, हा आकडा कुठून मोजला?

आता तुमच्या पेटीतला माल. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, टाइम्सवाल्यांचं, आणि १९९० ला बंद पडलं. सुरुवातीचे बत्तीस अंक नुसत्या वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे, मग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली. पहिली कित्येक वर्षं अंकांना सलग क्रमांक होते. चारशेच्या पुढे गेल्यावर पद्धत बदलून वर्ष आणि अंक असं छापू लागले, त्यामुळे ५०० असा आकडा मुखपृष्ठावर मिरवणारा इंद्रजाल शोधू नका. इथला मैलाचा दगड गुपचूप येऊन जातो. १९७६ मध्ये लेखक आबिद सुरतींचा बहादूर हा देशी नायक पहिल्यांदा आला, तो अंक तुमच्याकडे आहे का ते पाहा. गोविंद ब्राह्मणियांच्या चित्रांचे अंकही वेगळे काढा.

अमर चित्रकथेत एक गंमत आहे. मालिका १९६७ ची, पण 'कृष्ण'चा क्रमांक ११, कारण आधीचे दहा क्रमांक कन्नडमधल्या परदेशी परीकथांना गेले होते. नंतरच्या छपाईत क्रमांक ५०१ पासून नव्याने लावले आणि 'कृष्ण' ५०१ झाला. कोणी 'पाचशे एकावा विशेष' म्हणून गळ्यात मारू पाहील, तर हसून सोडून द्या.

आपल्याकडे हे अंक यष्टी स्टँडवरून, बडनेरा-वर्ध्याच्या रेल्वे स्टॉलवरून गावात यायचे, भाड्याने फिरायचे, आणि शेवटी किराणा दुकानात पुड्या बांधायला जायचे. म्हणून वाचनालयाचा शिक्का किंवा पेनाने लिहिलेलं नाव असलं तरी अंक खालच्या दर्जाचा समजून बाजूला टाकू नका. शिक्क्याने भाव कमी होतो हे खरं. मला स्वतःला असे अंक जास्त आवडतात, पण हा माझा छंदीपणा समजा. पिनांजवळ उघडून मधली पानं आहेत का एवढं मात्र नक्की तपासा. शब्दकोडं कापलेलं, शेवटचं पान गेलेलं असे अंक वेगळे ठेवा. बदली घेताना मुखपृष्ठ रंगीत झेरॉक्सचं तर नाही ना, हे भिंगातून पाहा. जुन्या छपाईत रंगाचे ठिपके एका रांगेत दिसतात.

जपणुकीचं घाईने करा. हा कागद मुळात वर्तमानपत्री. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात तो भाजतो, आणि श्रावणात ओल धरून पिनांना गंज चढतो. पेटी भिंतीपासून हातभर दूर, विटांवर ठेवा, वाळवी भिंतीतूनच येते. उन्हात अंक वाळत घालू नका, रंग उडतो. कोरड्या दिवशी सावलीत पंख्याखाली मोकळे करा. डांबरगोळी कागदाला टेकू देऊ नका. फाटलं असेल तर सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. साडीच्या दुकानात मिळते तशी कुरकुरीत पारदर्शक पिशवी चालते, पण मऊ, वास येणारं प्लास्टिक अंकाला चिकटून बसतं.

आणि त्या संग्राहकाशी भांडू नका. वेताळाचे दुबार असलेले दोन-तीन अंक द्या आणि बदल्यात तुमच्याकडे नसलेले मराठी इंद्रजालच मागा. तो कोणते क्रमांक द्यायला टाळाटाळ करतो ते लिहून ठेवा. यादी झाली की इथे टाका, मी आणि बाकीचे पाहतो.