झाकण उघडलं की वायफाय गायब

प्रश्न : लॅपटॉपचं झाकण लावून जेवायला गेलो की परत आल्यावर वायफाय दिसतच नाही, रीस्टार्ट केलं की येतं. कार्ड गेलं का हो?

उत्तर : कार्ड गेलं असतं तर सहसा रीस्टार्टनेही आलं नसतं, उगाच दुकानात पळू नका. झाकण लावलं की लॅपटॉप स्लीपमध्ये, म्हणजे झोपेत जातो; तेव्हा विंडोज कार्डाची वीज तोडतं आणि जागं होताना ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) गडबडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स उघडा, वायफाय कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू देणारी जी टिक आहे ती काढा. काही नव्या लॅपटॉपात हा टॅबच नसतो, मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाका (ते फुकट 'ड्रायव्हर अपडेटर' अजिबात नको!). तोवर डिव्हाइस मॅनेजरमध्येच कार्ड डिसेबल-एनेबल (बंद-चालू) करून बघा, बऱ्याचदा रीस्टार्टची कटकट वाचते.