'आयर्न' लेडी मराठीत 'पोलादी' का झाली?

तुम्ही विचारलंय की मेरिल स्ट्रीपचा 'द आयर्न लेडी' हा ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्यावरचा सिनेमा बघितला, आयर्न म्हणजे लोखंड, मग मराठीत थॅचरना 'पोलादी स्त्री' का म्हणतात? आणि फॉकलंड बेटांसाठी अर्जेंटिनाशी झालेलं युद्ध जिंकलं म्हणूनच हे नाव पडलं ना, मग सरळ 'रणरागिणी' का नको?

आधी नावाचं सांगतो, ते युद्धामुळे पडलेलं नाही. जानेवारी १९७६ मध्ये थॅचरबाई विरोधी पक्षनेत्या होत्या, त्यांनी रशियावर टीका करणारं एक कडक भाषण केलं आणि चारपाच दिवसांत सोव्हिएत लष्कराच्या 'रेड स्टार' पेपरनं त्यांना हिणवायला 'झेलेझनाया दामा' म्हटलं. म्हणजे इंग्लिश नाव हेच मुळात रशियनचं भाषांतर आहे! बाईंनी आठवड्याभरात स्वतःच्याच भाषणात ते मिरवलं. फॉकलंड त्यानंतर सहा वर्षांनी, एप्रिल ते जून १९८२.

आता लोखंड. मराठीत 'लोखंडी' म्हटलं की तवा, कपाट, खाट, गेट, म्हणजे वस्तू कशाची केलीय ते कळतं, माणसाचा स्वभाव नाही कळत. स्वभावाला आपण 'पोलादी' लावतो, पोलादी मनगट, पोलादी निर्धार. शीतयुद्धातल्या 'आयर्न कर्टन'चा सुद्धा आपण 'पोलादी पडदा'च केला, 'लोखंडी पडदा' म्हटलं तर दुकानाचं शटर डोळ्यासमोर येतं. 'लोह' चालतं पण ते समासात, लोहपुरुष वगैरे. त्यामुळे पोलादी अगदी बरोबर आहे.

मला खटकतो तो पुढचा शब्द, 'स्त्री'. 'लेडी'त रीतभात आहे, घरंदाजपणा आहे, 'स्त्री'त त्यातलं काहीच येत नाही. सिनेमातला तो सीन आठवा, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेग सांगतायत की इतक्या लांबच्या बेटांसाठी कशाला लढता, बाई त्यांना आपण रोजच लढत आल्याचं सुनावतात आणि लगेच किटलीकडे वळून विचारतात, 'शॅल आय बी मदर?' हेग गोंधळतात. शब्दशः 'मी आई होऊ का', पण अर्थ एवढाच की चहा मी ओतू का. पोलादही तिथेच आणि लेडीही तिथेच, एका दमात. म्हणून मी 'पोलादी बाई' म्हणेन. कामवाल्या 'बाई'मुळे काहींना हा शब्द हलका वाटतो, पण अहिल्याबाई, ताराबाईतला 'बाई' तोच आहे आणि शाळेतल्या बाईंचा दराराही त्यातच आहे.

'रणरागिणी' मात्र इथे नको. जी स्वतः शस्त्र घेऊन रणात उतरते तिच्यासाठी तो शब्द मी राखून ठेवतो, झाशीच्या राणीसाठी. थॅचरबाई लंडनमध्ये बसून निर्णय घेत होत्या आणि सिनेमात त्या मेलेल्या सैनिकांच्या घरी पत्रं लिहिताना दिसतात. त्या लिहिणाऱ्या हाताला 'रणरागिणी' शोभत नाही, 'पोलादी' शोभतं.