पहिलं पुस्तक काढताय? आधी एवढं वाचा

हजार प्रती छापू नका. मी छापल्या होत्या, 'हजारात दर बरा बसतो' या हिशोबाने. सांगलीत 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरलं आणि दिवाणाखालचे सगळे गठ्ठे लगद्यासारखे झाले. सुरुवातीला दोनशे पुरे, संपल्या की पुन्हा छापता येतात.

पानं सोळाच्या फॉर्म्यात बसवा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या पटीत. मजकूर 131 पानांवर गेला की 144 चे पैसे लागतात. तीन पानं छाटा, 128 होतात. छाटलेलं बहुतेक वेळा छाटण्याजोगंच असतं!

मुद्रितशोधनाला मात्र कंजुषी नको. युनिकोडमधला, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवर आपण नेहमी टाइप करतो तो, मजकूर छपाईच्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरं हमखास फुटतात. माझ्या 'खोऱ्यात'चं प्रत्येक ठिकाणी 'खोयात' झालं होतं, आणि ते दिसलं बांधणी झाल्यावर. शेवटचं प्रूफ कागदावरच वाचा, मोबाईलवर नाही. दुसऱ्या कुणालातरी मोठ्यानं वाचायला लावलंत तर उत्तमच.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सरकारी पोर्टलवर तो फुकट मिळतो, स्वतःच पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही.

प्रकाशन समारंभावर खर्च करण्यापेक्षा संक्रांतीला सांगली जिल्ह्यातल्या औदुंबरच्या साहित्य संमेलनाला जा, पिशवीत वीस प्रती ठेवा. वाचणारी माणसं तिथे आपसूक भेटतात. ग्रंथपालांना प्रत द्या, पण महिन्याभराने चक्कर मारून तिचं काय झालं ते विचारा. आणि नातेवाइकांना फुकट वाटू नका हो, ते वाचत नाहीत.