भटकंतीचे सवाल-जवाब: रॉड्रिग्सच्या गुहा आणि एकांतातले बीच

प्रश्न: ताई नमस्कार, डिसेंबरात आम्ही मॉरिशसला मावशीकडे वाक्वाला चाललोय, मी, नवरा, 9 वर्षांची लेक आणि सासूबाई (वय 67, गुडघ्याचा त्रास आहे). मावशी म्हणते तिथून विमानाने रॉड्रिग्स बेटावर जा, गुहा आहेत आणि माणूसही दिसणार नाही असे बीच आहेत. चार दिवस पुरतील का? आणि ज्वालामुखीचं बेट आहे तर गुहा लाव्हाच्या का? लेकीने विचारलंय, मला सांगता येईना.

उत्तर: आधी लेकीचं घेते, कारण प्रश्न फार छान आहे. बेट ज्वालामुखीचंच, साधारण 15 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं, म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखाच काळा दगड, फक्त सह्याद्री त्याच्यापुढे खापरपणजोबा, साडेसहा कोटी वर्षांचा. पण गुहा त्या दगडात नाहीत! नैऋत्येला एअरपोर्टजवळ प्लेन कोराय म्हणून सपाट माळ आहे तिथे प्रवाळाची वाळू वाऱ्याने उडून साठली, घट्ट होऊन तिचा चुनखडक झाला, आणि पावसाच्या पाण्याने तो आतून विरघळत जाऊन पोकळ्या झाल्या. कार्ल्याला माणसाने छिन्नीने जे केलं ते इथे पाण्याने केलं असं सांगा तिला, पटेल.

बघायला जाण्यासारख्या दोन गुहा आहेत. कावेर्न पातात म्हणजे खरी अंधारी गुहा, गाइड लागतोच, टॉर्चच्या उजेडात चालायचं, खाली ओलं आणि उंचसखल. मी साध्या सँडलवर गेले होते आणि दुसऱ्याच वळणावर घसरले, हात टेकायला गेले तर गाइडने माझं मनगटच धरलं, म्हणाला पडलात तरी चालेल पण त्या खांबाला (ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साठून झालेला) हात लावू नका. तेव्हा राग आला होता, नंतर कळलं की हाताचं तेल लागलं की त्या जागी चुना नीट साठत नाही, म्हणजे थेंबाथेंबाने हजारो वर्षं चाललेलं काम तिथे थांबू शकतं. ग्रिपवाले बूट घाला, लेकीला आधीच समजावून ठेवा.

सासूबाईंना पातातला नेऊ नका. त्यांच्यासाठी फ्रांस्वा लेगा रिझर्व्ह, म्हणजे मोठाली कासवं ठेवलेलं राखीव उद्यान. तिथल्या मोठ्या गुहेत दिवे आहेत, बांधलेली वाट आहे, पण पायऱ्याही आहेत, तेव्हा तिकीट काढतानाच गुडघ्याचं सांगा, नाहीतर त्या वरच कासवांजवळ रमतील. आणि कासवं म्हणजे काय! मानेखाली हळूच खाजवलं की अख्खी मान लांब काढून, पायांवर उभं राहून डोळे मिटून घेतात, आमच्या गाइडने दाखवलं तेव्हा मी तिथून हलेचना. ही सेशेल्सच्या आल्दाब्राच्या जातीची आणि मादागास्करची, बाहेरून आणलेली, कारण रॉड्रिग्सची स्वतःची कासवं जहाजवाल्यांनी मांसासाठी भरभरून नेली आणि 1800च्या आसपास संपली. लेगा हा फ्रेंच माणूस 1691ला आला, दोन वर्षं राहिला, त्याने सॉलिटेअर नावाच्या न उडणाऱ्या पक्ष्याचं वर्णन लिहून ठेवलं, डोडोचा भाऊबंद तो. तोही 18व्या शतकात गेला, आता त्याची हाडं याच माळावरच्या गुहांत सापडतात. लेकीला हे तिथेच, गुहेत उभं राहून सांगा.

चार दिवस पुरतात, पाच असले तर घाई होणार नाही. मॉरिशसहून दीड तास, विमान छोटं असतं म्हणून सामानाचं लिमिट आधी बघून घ्या. डिसेंबर म्हणजे वादळांचा सीझन सुरू झालेला असतो, म्हणून परतीचं मुंबईचं विमान रॉड्रिग्सहून येता त्याच दिवशी ठेवू नका, प्लीज.

प्रश्न: आणि तो त्रू दार्जां बीच? फोटोत स्वर्ग दिसतो. लेकीला पोहता येतं, उतरवू का पाण्यात?

उत्तर: नको. बघायला नक्की जा, सेंट फ्रांस्वा गावाजवळच्या सुरूच्या बनातून (अगदी आपल्या कोकणातल्यासारखं बन) साधारण अर्धा तास चालत, गाडी जात नाही म्हणूनच तो असा राहिलाय. दोन कड्यांच्या मध्ये मूठभर पांढरी वाळू. पण लाटा आत येऊन जोरात मागे खेचतात आणि लाइफगार्ड नाही. आम्ही पाय बुडवून तासभर बसलो, पुरलं. पोहायचं असेल तर लगूनच्या (बेटाभोवती प्रवाळाच्या भिंतीआतलं समुद्राचं पाणी) आत, ते बेटाच्या साधारण दुप्पट मोठं आहे, पाणी उथळ आणि शांत, तरी कुठे उतरायचं ते गावातल्या माणसाला विचारूनच. बन संपलं की वाटेत सावली फार नाही, दुकान तर नाहीच, पाणी माणशी दीड लिटर न्या आणि कचरा परत आणा. शिंपले, प्रवाळ काही उचलू नका.

प्रश्न: सासूबाई शाकाहारी आहेत, उपाशी राहतील का?

उत्तर: नाही हो. ऑक्टोपसचं कौतुक फार आहे तिथे पण राजमा, मका, लिंबाचं आणि मिरचीचं लोणचं हे घरोघरी असतं. घरगुती राहायची सोय घ्या आणि आधी सांगून ठेवा. शनिवारी पोर्ट माथ्युरिनचा (बेटावरचं मुख्य गाव) बाजार पहाटेच असतो, लोणचं आणि मध तिथून घ्या, सात वाजता जाल तर चांगलं संपलेलं असेल.