जुन्या टीव्हीला स्टिक लावू की हप्त्यावर नवा टीव्ही घेऊ?

प्रश्न (सिडको, नाशिक): अंबडच्या कंपनीत नोकरी आहे. हातात ४२,००० येतात. दुचाकीचा ३,२०० चा हप्ता धरून खर्च ३६,००० होतो. बँकेत ५५,००० शिल्लक आहे. घरी दहा वर्षांचा ४० इंची फुल एचडी टीव्ही आहे, चित्र छान दिसतं, पण तो स्मार्ट नाही. एम. जी. रोडच्या एका दुकानात ४३ इंची फोर-के स्मार्ट टीव्ही ३१,९९० ला मिळतोय, बारा महिने नो-कॉस्ट ईएमआयवर. टीव्हीच्या मागे लावली की त्यावर नेटफ्लिक्ससारखी ॲप्स चालवणारी स्टिक ४,५०० ला आहे. वायफाय आहे. काय घेऊ? आणि ४०० रुपयांची केबल बंद करू का? आई रोज संध्याकाळी मालिका बघते.

उत्तर: स्टिक घ्या आणि रोखीने घ्या. केबलला निदान तीन महिने हात लावू नका.

आधी हप्त्याचं बघू. तुमच्याकडे महिन्याला ६,००० उरतात. त्यातले २,६६६ टीव्हीला गेले तर ३,३३४ उरतील, आणि दुचाकीचा हप्ता तर चालूच आहे. शिवाय नो-कॉस्टमध्ये व्याज नसतं असं नाही. बँक व्याज लावते आणि तेवढी रक्कम दुकान किंवा कंपनी सूट म्हणून आधीच वजा करते. दर १५ टक्के धरला तर या व्यवहारात व्याज सुमारे २,४५० रुपये होतं. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४४० च्या आसपास, तुमच्या कार्डावर पडतो. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर तेही जीएसटीसह २३५ होतं. म्हणजे पावणेसातशे रुपये जास्तीचे गेले. रोख देणाऱ्याला ही सूट दुकानदार थेट किमतीत देऊ शकतो, म्हणून पुढे कधी टीव्ही घ्याल तेव्हा 'रोखीने किती?' हा प्रश्न पहिला विचारा.

३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, हे दुकानदार सांगेल आणि ते खरं आहे. पण हा दर काही चार दिवसांची ऑफर नाही. त्यासाठी आजच धावायची गरज नाही.

खरी काळजी वाटते ती तुमच्या शिल्लकीची. ३६,००० च्या खर्चाला तीन महिन्यांचा आणीबाणीचा निधी म्हणजे १,०८,००० हवेत, तुमच्याकडे निम्मेच आहेत. जो २,६६६ चा हप्ता भरायची तयारी होती, तेवढ्याची बँकेत आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची ठेव, सुरू करा. स्टिकचे ४,५०० वजा करूनही वर्षाअखेर शिल्लक व्याज सोडून साडेब्याऐंशी हजारांच्या घरात जाईल. कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला किंवा आईला दवाखान्यात न्यावं लागलं, तर हेच पैसे कामाला येतील.

टीव्हीच्या पॅनलवर, म्हणजे पडद्यावर, उभ्या रेषा आल्या असत्या किंवा बॅकलाइट जाऊन अर्धा पडदा काळा पडला असता, तर माझा सल्ला वेगळा असता. धड चाललेला पॅनल काढू नये. पडद्यापेक्षा स्मार्ट टीव्हीचं सॉफ्टवेअर लवकर म्हातारं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये २०१०-११ च्या काही सॅमसंग स्मार्ट टीव्हींवर नेटफ्लिक्स बंद झालं, पडदे चांगले असूनही. स्टिक जुनी झाली तर फक्त स्टिक बदलते.

घेताना एचडी मॉडेल घ्या. फोर-के स्टिक तुमच्या टीव्हीवर १०८० पी, म्हणजे फुल एचडीच दाखवेल. तिची मेमरी थोडी जास्त असते, मेनू झटपट हलतो, पण त्यासाठी दीड-दोन हजार जास्त देऊ नका. कंपनीचं नाव नसलेले स्वस्त 'अँड्रॉइड बॉक्स' मात्र टाळाच. त्यांना बहुतेक वेळा नेटफ्लिक्सचं प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे पैसे भरूनही नेटफ्लिक्स ४८० पीच्या धूसर चित्रावर अडकतं. अशा बॉक्समध्ये आधीच भरलेल्या मालवेअरबद्दल (घातक सॉफ्टवेअरबद्दल) अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने जून २०२५ मध्ये इशारा दिला होता. ज्या यंत्रात तुमचे पासवर्ड टाकायचे, तिथे दोन हजार वाचवू नयेत.

विकत घेण्याआधी टीव्हीच्या मागे बघा. एचडीएमआयची (एकाच तारेतून चित्र आणि आवाज घेणारी चपटी) दोन तोंडं असतील तर एक केबलच्या बॉक्सला, दुसरं स्टिकला. फक्त लाल-पिवळी-पांढरी एव्ही तोंडं असतील तर स्टिकचा विचार सोडा. कन्व्हर्टर लावून काही ॲप्सवर नुसता काळा पडदा येतो. स्टिक थेट खुपसू नका, खोक्यात आलेली आखूड जोडवायर लावा. नाहीतर ती शेजारचं तोंड झाकते, टीव्हीच्या पाठीला चिकटून तापते आणि वायफायही कमी पकडते. वीज तिच्याच ॲडॉप्टरने भिंतीतल्या सॉकेटवरून द्या. टीव्हीच्या यूएसबीतून अनेकदा अर्धाच अँपिअर मिळतो, मग स्टिक मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि लोक दोष स्टिकला देतात. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क निवडा, दोन भिंतींपलीकडे असेल तर २.४ चं. एचडीला ५ एमबीपीएसचा इंटरनेट वेग पुरतो, पण तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. म्हणून मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर हे चालवू नका, पाऊण तासात पॅक संपेल.

आता मुख्य खर्च. ४,५०० ची स्टिक तीन वर्षं चालली तर महिन्याला १२५ पडतात. ॲप्सचे पैसे त्याहून कितीतरी जास्त होतात. नेटफ्लिक्सचा १४९ चा प्लॅन फक्त मोबाइलचा आहे, टीव्हीवर चालत नाही. १९९ चा ७२० पी, म्हणजे फुल एचडीहून थोडं कमी स्पष्ट चित्र देतो, ४० इंचाला तो चालून जातो. ४९९ चा घेतलात तर वर्षाला ५,९८८, स्टिकच्या किमतीहून जास्त. प्राइम वर्षाला १,४९९, आणि जून २०२५ पासून त्यात जाहिराती आहेत, त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. दर भरण्याआधी ॲपवर तपासून घ्या. महिन्याला ३५० ची मर्यादा घाला आणि एका वेळी एकच मासिक वर्गणी चालू ठेवा. बघून झालं की बंद, मग दुसरी. त्याआधी तुमच्या वायफायच्या प्लॅनमध्ये कोणतं ॲप फुकट आहे का, ते विचारा. बऱ्याच जणांचे पैसे तिथे दोनदा जातात.

केबल बंद करायची तर आईच्या मालिकांचा हिशोब करा. झी मराठी झी-फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनी-लिववर. दोन वाहिन्यांच्या मालिका बघत असतील तर दोन ॲप्स आली, आणि वाचलेल्या ४०० मधले बरेचसे तिकडेच जातील. त्यापेक्षा केबलवाल्याला सांगून पॅक कापून घ्या. आई बघते त्याच वाहिन्या सुट्या घेतल्या तर बिल खाली येतं. दरम्यान आईला रिमोटवरचं 'सोर्स' बटण दाखवून ठेवा, कुठल्या नंबरवर केबल आणि कुठल्या नंबरवर स्टिक, ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी चिकटवा. तीन महिन्यांनी आई स्वतःहून ॲपवरच भाग बघू लागली असेल, तरच केबलचं बोला.

स्टिक सुरू करताना खरेदीला पिन लावा. फुकट महिन्याचा मोह पडला तर त्याच दिवशी यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून मँडेटची, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीची, तारीख बघून ठेवा. पैसे कापण्याच्या २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो. तो आला आणि वर्गणी नको असेल तर लगेच यूपीआय ॲपमधल्या त्याच यादीतून मँडेट रद्द करा.