मुलगी अंगणवाडीत बोलत नाही, फक्त खुणा करते. खुणेला उत्तर द्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सव्वाचार वर्षांची. जूनमध्ये मुंबई सोडून तुम्ही देवगड तालुक्यात सासरी राहायला आलात. घरी ती अखंड बडबड करते, पण अंगणवाडीत चार महिन्यांत एक शब्द बोललेली नाही. पाणी हवं असेल तर बोट दाखवते, नको असेल तर मान हलवते. तिथल्या बाई म्हणतात, खुणेकडे लक्षच देऊ नका, तोंडाने मागेल तेव्हाच द्या, म्हणजे बोलायला लागेल. तुमचे मिस्टर म्हणतात, ९३ टक्के संवाद देहबोलीनेच होतो, काळजी कशाला करतेस. यातलं कुणाचं ऐकायचं?

ताई, मी मालवण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. अशी गप्प मुलं आमच्याकडे येत असतात, त्यामुळे ठामपणे सांगते: तिच्या खुणेला उत्तर द्या. लगेच द्या, चेहऱ्याने द्या आणि सोबत शब्दही द्या. तिने कळशीकडे बोट दाखवलं की "पाणी हवंय? हे घे पाणी" असं म्हणून पेला हातात द्यायचा. "आधी पाणी म्हण, मग देते" असं करायचं नाही.

९३ टक्क्यांचा आकडा आधी बाजूला ठेवू. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या प्रयोगांवरून तो आला. प्रयोगात सुटे शब्द होते, आणि शब्द एक सांगतो, सूर किंवा चेहरा दुसरंच, अशा वेळी बोलणाऱ्याची आवड-नावड ऐकणारा कशावरून ओळखतो एवढंच तपासलं होतं. भावना आणि आवड-निवड यांच्यापलीकडे हे सूत्र लागू होत नाही, असं मेहराबियन यांनीच पुढे सांगितलं. "उद्या अंगणवाडीला सुट्टी आहे" एवढी साधी गोष्टसुद्धा नुसत्या चेहऱ्याने सांगता येत नाही. तेव्हा शब्द लागतातच, आणि तुमच्या मुलीला अंगणवाडीतही शब्द यायला हवेत याबद्दल बाईंची तळमळ योग्यच आहे. त्यांनी सांगितलेला उपाय मात्र मला पटत नाही.

खुणा केल्या की मूल बोलायचा आळस करतं, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. प्रत्यक्षात खुणा बोलण्याच्या पुढे चालतात. जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी १० ते २४ महिन्यांच्या मुलांचं निरीक्षण करून २००५ मध्ये दाखवलं की मूल ज्या वस्तूकडे आधी बोट दाखवतं, तिचं नाव बहुधा नंतर त्याच्या बोलण्यात येतं. एक शब्द आणि एक खूण यांची जोडी जी मुलं लवकर करू लागली, ती दोन शब्द जोडायलाही लवकर लागली. ही मुलं तुमच्या मुलीपेक्षा लहान होती आणि तिला तर बोलता येतंच, त्यामुळे तिचा प्रश्न वेगळा आहे. तरीही एवढं नक्की की खूण म्हणजे संवादाची सुरुवात झालेली आहे. त्या खुणेला प्रतिसाद मिळाला नाही तर उरतं काय?

काय उरतं, हे एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ मधल्या प्रयोगात दिसतं. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळत असते, मग थोडा वेळ तिने चेहरा कोरा ठेवायचा आणि बाळाने काहीही केलं तरी प्रतिसाद द्यायचा नाही. बाळ आधी हसून बघतं, हातपाय हलवतं, आवाज काढतं. आई ढिम्म राहिली की ते अस्वस्थ होतं आणि शेवटी तोंड फिरवतं. सव्वाचार वर्षांच्या मुलीने बोट दाखवलं आणि मोठ्या माणसाने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं, तर ती यातून "बोलायला हवं" असं शिकेल असं मला वाटत नाही. इथे मागून काही मिळत नाही, एवढंच तिला कळेल.

आता तुमच्याबद्दल, कारण सकाळी फाटकापाशी तिला सोडताना तुमच्या चेहऱ्यावर काय असतं हे मी न बघता सांगू शकते. १९८५ मध्ये जेम्स सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं होतं. काचेखाली मध्येच साधारण ३० सेंटिमीटरची पायरी असल्यासारखं दिसायचं. पलीकडे आई. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं ती पायरी ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. शब्द एकही नव्हता. तुम्ही "जा हं, आज बोलायचं बरं का" असं म्हणत कपाळाला आठ्या घालून उभ्या राहिलात, तर ती आठ्याच वाचणार. म्हणून सोडताना "आज बोलशील ना?" हा विषयच नको. बाईंशी दोन मिनिटं मोकळेपणाने बोला, हसा, तिला ते दिसू द्या, आणि निघा.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण मला ती मोठी वाटते. मुंबईत तिने ऐकलेली मराठी आणि इथली मालवणी यांत बरंच अंतर आहे. "खंय गेल्लंस गो?" असं कुणी विचारलं की तिला अर्थ लागेपर्यंत दुसरी मुलं उत्तर देऊन मोकळी होतात. नव्या बोलीत पडलेली मुलं काही काळ नुसती ऐकतात, हे अगदी नेहमीचं आहे. त्यात आल्यागेल्या प्रत्येकाने "काय गो, वाचा नाय काय तुका?" असं विचारलं, तर ती अजून मिटते. माणसं प्रेमानेच विचारतात, पण सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी तिच्या तोंडाकडे लागतात. घरातल्या आजी-काकूंना तुम्हीच सांगून ठेवा: तिच्यासमोर "ही बोलत नाही" हे वाक्य कुणी उच्चारायचं नाही.

डोळ्यांत बघून बोल, असा हट्टही काही प्रशिक्षणांमुळे हल्ली वाढलाय. आपल्या गावात मोठ्यांसमोर मूल खाली बघतं ते बऱ्याचदा मान ठेवण्यासाठी. लाजऱ्या मुलाला तर समोरासमोर बसवून प्रश्न विचारणं सगळ्यात जड जातं. शेजारी बसून, दोघांची नजर एकाच कामावर ठेवली की ते सैल होतं. किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना बघा. दोरीला लागलेल्या पोराला कुणी धडा देत नाही. मोठ्यांचे पाय वाळूत कसे रुततात, जोर कधी लावतात, हे बघत ते त्यांच्यात मिसळतं, आणि थोड्या वेळाने त्यांच्यासारखंच ओरडायलाही लागतं. बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या माया समाजात मुलं अशीच, बघून आणि कामात हात घालून शिकताना नोंदवली आहेत. आपल्याकडे हे आधीपासून आहे, फक्त वर्गात शिरलं की आपण ते विसरतो.

म्हणून बाईंना विनंती करा की तिला उत्तर द्यायला लावण्याऐवजी काम द्यावं: खाऊच्या ताटल्या वाटणं, शिंपले रंगाप्रमाणे वेगळे करणं, गाण्याला टाळ्या धरणं. हजेरीला तिने हात वर केला की ती हजेरी धरावी. प्रश्न विचारलाच तर थांबावं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजून पाहिलं, तर शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि आपणहून बोलणारी मुलं वाढली. मला स्वतःला वर्गात याचा फार उपयोग होतो. मनात सावकाश आकडे मोजायचे, चेहरा मोकळा ठेवायचा, आणि मध्ये दुसऱ्या मुलाला उत्तर देऊ द्यायचं नाही.

बाई ऐकतील का, ही तुमची धास्ती मला समजते. भांडणाच्या सुरात जाऊ नका. अंगणवाडी ही कल्पना आपल्याच किनाऱ्यावर, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत रुजली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून तिथे काम केलं, आणि मुलं शाळेत येत नाहीत हे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, ही त्यातली दृष्टी. बहुतेक सेविकांना ती मनापासून पटते, त्यांच्यावर नोंदवह्यांचा भार मात्र फार असतो. शक्य असेल तर आठवड्यातून एक-दोनदा सुटल्यावर रिकाम्या खोलीत तुम्ही आणि मुलगी खेळत बसा. ती तुमच्याशी बोलायला लागली की बाईंनी लांबून आपलं काम करत राहावं, मग हळूहळू जवळ यावं, आणि शेवटी खेळात शिरावं. घाई नको, आणि तिचा पहिला शब्द आला की टाळ्या वाजवू नका. साधं उत्तर द्या.

आता डॉक्टरांचं. घरी नीट बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त काळ अजिबात बोलत नसेल (शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत), आणि कारण नवी भाषा एवढंच नसेल, तर निवडक मौन असू शकतं. तो भीतीतून येणारा त्रास आहे, हट्ट नव्हे, आणि उपचार लवकर सुरू झाले की फायदा होतो. तुमचे चार महिने झालेत, म्हणून वाट बघत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यांना हे स्पष्ट सांगा आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासून उपचार करणारं सरकारी केंद्र) चिठ्ठी मागा. एकदा कान तपासून घ्या. जाताना मोबाईलवर तिचा घरी गप्पा मारतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ न्या, तिच्या नकळत काढलेला, कारण तपासणीच्या खोलीत ती बोलणार नाही आणि डॉक्टरांना तिची खरी भाषा ऐकायला मिळायला हवी.