लाल टोपी, नारिंगी टोपी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं ॲप बघितलं. नाइट ड्युटी संपवून घरी जाताना, रिक्षातच. औषधाची वेळ झाली की सिस्टरच्या मोबाईलवर टुंग वाजतं, औषध दिलं की हिरवी खूण. दिसायला छान आहे. पण तू मत विचारलंस म्हणून सांगते. आमच्याकडे वेळ चुकते कमी, चूक होते ती भलतीकडेच.

मागे एक आजी आल्या होत्या. विड्या वळणाऱ्या, घरात तेलुगू. नातवानं दोन्ही हातांवर उचलून आणलं, अंग घामानं भिजलेलं, शुद्ध नाही. रक्तातली साखर 34, म्हणजे फारच कमी. ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले. नातू शपथेवर सांगत होता, "डोस वाढवला नाही सिस्टर, इन्सुलिन रोजचंच, वीस युनिट." आणि पोरगं खरं बोलत होतं. त्याला म्हटलं, घरी जा, बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन ये.

बाटली नवी होती, एका मिलिलीटरला 100 युनिटची. सिरिंज जुनीच, लाल टोपीची, म्हणजे 40 युनिटच्या बाटलीसाठीची. त्या सिरिंजवर वीसची रेघ म्हणजे अर्धा मिलिलीटर. जुन्या बाटलीतून अर्धा मिलिलीटर घेतलं तर 20 युनिट जातात, नव्या बाटलीतून 50. अडीचपट! चिठ्ठीवर इन्सुलिन बदललेलं होतं, दुकानदारानं चिठ्ठीप्रमाणे दिलं, नातवानं रेघ नीट मोजली. ज्याचं त्याचं काम बरोबर, आणि म्हातारी मरता मरता वाचली.

तेव्हापासून इन्सुलिन घेऊन घरी जाणाऱ्या पेशंटच्या खोक्यावर आम्ही त्याच्या सिरिंजची टोपी चिकटपट्टीनं लावून देतो. 40 ला लाल, 100 ला नारिंगी. रंग जुळला नाही तर टोचायचं नाही, आधी येऊन विचारायचं. पण याचंही पूर्ण जमलेलं नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात, मोतीबिंदूच्या डोळ्याला लाल काय आणि नारिंगी काय! एका आजोबांनी तर "टोपी गळाली" म्हणून औषधाच्या बाटलीची टोपीच चिकटवून आणली होती. इथं तुझा मोबाईल हवा. बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून फोटो काढला की त्यानं मोठ्यानं सांगावं, जोडी जुळते की नाही. आणि तेलुगूत सांगावं, कन्नडमध्येही सांगावं. मराठीतून बोलणारं ॲप आमच्या निम्म्या वॉर्डाला मुकंच.

भाषेवरून आठवलं. आमच्याकडे अक्कलकोटकडचे, विजापूरकडचे पेशंट येतात. सिद्धाराम आणि मल्लिकार्जुन कुठल्याही दिवशी दोन-तीन सापडतील. नवी सिस्टर विचारते, "सिद्धाराम का?" कानानं कमी ऐकणारा, घाबरलेला माणूस म्हणतो, "हूं." कुणालाही हूं म्हणेल तो. असंच एकदा इंजेक्शन दुसऱ्याच्या दंडापर्यंत पोचलं होतं. शेजारच्या पलंगावरची सून ओरडली म्हणून थांबलं. आता मी मुलींना पाठ करायला लावलंय: नाव आपण घ्यायचं नाही, त्याच्याकडून घ्यायचं. कन्नडमध्ये "निम्म हेसरेनु?", तेलुगूत "मी पेरेमिटी?" तेलुगूतला 'मी' म्हणजे 'तुमचं' हे कळेपर्यंत एक लातूरची मुलगी स्वतःचंच नाव सांगत होती. अजून हसतो आम्ही.

तू म्हणशील, मनगटाला बारकोडचा पट्टा बांधला की प्रश्न मिटला. मिटतो, पट्टा मनगटावर असेल तर. एका दवाखान्यात मी पाहिलं, मे महिन्यात घामानं छपाई पुसायची, स्कॅनर चालायचा नाही. मग सिस्टरांनी सगळ्या पेशंटचे जादा पट्टे छापून काउंटरच्या कडेला ओळीनं चिकटवले होते. तिथूनच स्कॅन, कॉम्प्युटरवर हिरवी खूण. पेशंट वीस पावलं लांब. त्या मुलींना कामचुकार म्हणू नकोस. चाळीस पेशंट आणि दोघी जणी असतील, तर तूही तेच करशील. तुझ्या हिरव्या खुणेची मला भीती वाटते ती यासाठी. आणि ते टुंगही कमी कर. मॉनिटर दिवसभर वाजतात, बहुतेक वेळा बोटाचा क्लिप निसटलेला असतो नाहीतर छातीवरचं स्टिकर सुटलेलं. शंभरदा खोटं वाजलं की एकशे एकाव्यांदा कान उठत नाही.

नवं म्हणजे विजेवर चालणारंच असं काही नाही. ऑपरेशनच्या वेळी मोठ्यानं वाचायची 19 मुद्द्यांची एक यादी जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली काढली. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, त्यात एक दिल्लीचं होतं. ऑपरेशननंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले, हे 2009 मध्ये छापून आलं. कागदाचं एक पान! पण मोठ्यानं वाचलं तर. नुसत्या टिका मारून फाईलला लावलेली पानंही मी गठ्ठ्यानं पाहिली आहेत.

आणखी एक, हे जरा नाजूक आहे. थोडक्यात टळलेली चूक आमच्याकडे कुणी लिहीत नाही, कारण लिहिलं की मेमो. त्या इंजेक्शनचंही मी तेव्हा कुठे लिहिलं नव्हतं. तुझ्या ॲपमध्ये अशी चूक नोंदवायची जागा ठेव, पण तिथं सिस्टरचं नाव मागू नकोस. कोणता वॉर्ड, किती वाजले, काय हातात होतं, एवढं पुरे. नावाचा रकाना ठेवलास तर तो अख्खा भाग रिकामा राहील, लिहून ठेव.

गुरुवारी माझी नाइट आहे. परवानगीचं मेट्रनबाईंशी बोलून ठेवते. आठला हँडओव्हर असतो, पावणेआठला ये. लॅपटॉप घरी ठेव, पायात न वाजणाऱ्या चपला घाल. पहाटे चारच्या इंजेक्शनांच्या वेळी माझ्या ट्रॉलीमागून चाल आणि मी किती वेळा थांबते ते मोज. जेवून येऊ नकोस, डबा दोघांचा आणते.

तुझी,
सिस्टर मावशी
सोलापूर